बिनशब्दांची चार पानं

४ जून

टिंबू,

तू घर सोडून गेल्याला आज बारा दिवस झाले. आधी वाटलं, राग आहे, उतरेल. तुझे राग मला पाठ आहेत: दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चहा मागायला हजर. या वेळी तिसरा दिवस आलाच नाही, म्हणून लिहायला बसलो.

जे आहे ते स्वच्छ सांगतो. तुझ्या पुस्तकातला एकही शब्द मी काढलेला नाही. पुस्तक शंभर पानांचं झालं होतं. आमच्याकडे सोळा पानांचा एक फॉर्म छापतात, म्हणजे सहा फॉर्मची शहाण्णव पानं. उरलेल्या चार पानांसाठी मशीन पुन्हा लावायचं, शिलाई वेगळी करायची. मालक म्हणाले, "तुमचीच भाची आहे, तुम्हीच बघा चार पानं कुठे आटोपतात का." मी पुस्तक पुढून मागं आणि मागून पुढं चाळलं. एकसष्ट ते चौसष्ट या पानांवर मजकूरच नव्हता. नुसती चित्रं, अक्षर म्हणून नाही. ती काढली, पुढच्या पानांचे क्रमांक माझ्या हातानं बदलले. चारही सलग असल्यामुळे डावं-उजवंही बिघडलं नाही. एकेचाळीस वर्षं प्रुफं वाचणाऱ्या माणसानं याहून वेगळं काय करायला हवं होतं?

शिवाय तुझ्या पुस्तकात मी अकरा चुका काढल्या. दहा वेलांट्या-उकारांच्या आणि एक तपशिलाची. त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

पहिल्या प्रती बांधून आल्या त्या दिवशी तू छापखान्यात उभ्याउभ्या पुस्तक चाळलंस. मध्येच थांबलीस, मागं गेलीस, पुन्हा पुढं आलीस. मग विचारलंस, "मामा, ती चार पानं तू बघितली होतीस?" मी म्हणालो, "बघितली की. नीट बघितली, मगच काढली." तू पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलंस आणि घरी जाऊन बॅग भरलीस. मी पोचलो तेव्हा तू दारात होतीस. म्हणालीस, "मी तुला बघायला दिलं होतं, मामा. दुसऱ्या कोणाला नाही."

या वाक्यानं माझे बारा दिवस खाल्ले. मला दिलं होतंस म्हणूनच तर मी डोळ्यांत तेल घालून वाचलं.

आईवर चित्रांतल्या गोष्टीचं पुस्तक केलंस याचं मला कौतुक आहे. ती तुझी आई होण्याआधी माझी ताई होती. पण ती गेल्यावर मी तुला वाढवलं, बावीस वर्षं शुद्ध लिहायला शिकवलं, आणि तू फुग्यांतून बोलणारी माणसं काढायला लागलीस, हे मला जड गेलं. तेही मी कधी लपवलं नाही.

नव्या शाळेत चित्रकला शिकवायला रुजू झालीस असं कळलं. जेवणाची सोय काय केलीस ते कळव.

तुझा मामा

१३ जून

टिंबू,

माझंच पत्र परत आलं. पाकिटावर अक्षर तुझं, आत तुझी एक ओळ नाही. आधी वाटलं पत्ता चुकला. मग लक्षात आलं की पत्राची घडी तू उलटी घातली आहेस, मी लिहिलेली बाजू आत आणि पाठ बाहेर. आणि पाठीवर तुझं एकसष्टावं पान होतं.

आम्हा छापखान्यातल्या लोकांना एका बाजूनं कोरा कागद टाकवत नाही. रद्द झालेली प्रुफं आम्ही चिमट्यात अडकवून ठेवतो आणि पाठीवर लिहितो: निरोप, सामानाच्या याद्या, पत्रं. मी हात घातला आणि वरचा कागद ओढला. तो तुझा होता हे पाहिलं नाही. तुझं पान तुझ्याच पुस्तकातून काढायचं आणि त्याच्याच पाठीवर तुला समजवायचं, हे मी केलं. कान पकडतो.

आता ते पान समोर आहे. मूळ चित्रं तू घेऊन गेलीस, त्यामुळे माझ्याकडे ही फोटोप्रतच. आठ चौकटी आहेत. एक माणूस पाठमोरा उभा राहून टेलिफोनवर बोलतो आहे, किंवा बोलतही नसेल, कारण फुगा नाही. पहिल्या चौकटीत फोनवर, आठव्या चौकटीत फोन खाली ठेवलेला. मध्ये सहा चौकटी तो तसाच. एक भिंतीवरचं घड्याळ, एक दार. खांद्यापाशी छपाईचा एक डाग पडला आहे, त्याच्याभोवती मी सवयीनं लाल पेन्सिलीनं गोल केला आणि मग स्वतःवरच चिडलो.

मला यातून काही कळलं नाही, टिंबू. एका फोनला आठ चौकटी कशाला? आणि एक गोष्ट कबूल करतो, पूर्ण नाही, अर्धी. मी म्हणालो होतो की ही पानं नीट बघितली. आज हे पान मला नवीनच वाटलं.

मामा

२७ जून

टिंबू,

हा कागद कोरा आहे, दोन्ही बाजूंनी. मुद्दाम दुकानातून आणला.

तुझ्या पानापुढे डोकं चालेना म्हणून वाचनालयात गेलो. तिथल्या ग्रंथपालबाई तुला माहीत आहेत, चष्मा कायम कपाळावर. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याच आवाजासाठी लावली असावी असा माझा जुना संशय आहे. त्यांना विचारलं, चित्रांतल्या गोष्टींची पुस्तकं कुठे ठेवता?

"मूल केवढं आहे?" त्या म्हणाल्या.

"सदुसष्ट वर्षांचं."

हसल्या नाहीत. पाण्याच्या पिंपामागचं कपाट दाखवलं.

रेनकोटवाल्या एका गुप्तहेराचं पुस्तक उचललं. दीडशे पानं, अठरा मिनिटांत संपवलं. परत करायला गेलो तर बाईंनी विचारलं, "वाचलंत?"

"वाचलं. खून भागीदारानं केला."

"आणि कुत्र्याचं काय झालं?"

"कोणता कुत्रा?"

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे उघडलं आणि पानामागून पान उलटत गेल्या. कुत्रा होता. पहिल्या पानावर ज्याचा खून होतो त्या माणसाच्या पायाशी. मग बंद दाराबाहेर बसलेला. मग रस्त्याच्या कडेला, बरगड्या दिसणारा. शेवटी गुप्तहेराच्या रेनकोटाखाली, फक्त शेपूट बाहेर. त्या कुत्र्याबद्दल अख्ख्या पुस्तकात एक अक्षर नाही.

"तुम्ही फुगे वाचता हो," बाई म्हणाल्या, "आणि चित्रांवरून नुसते चालत जाता. हा गुप्तहेर खुनी शोधतोय असं तुम्हाला वाटलं. तो सगळा वेळ ते कुत्रं शोधतोय."

मला आजवर कोणी 'नीट वाचलं नाहीत' असं म्हटलेलं नव्हतं. तोंडात मारल्यासारखं झालं. वर त्यांना पान बाराच्या एका फुग्यात माझी पेन्सिलीची खूण सापडली, ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केलेली. त्यांनी मला खोडरबर दिलं आणि मी पुसेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. आता नियम असा आहे: दिवसाला एकच पुस्तक, आणि तासाभराच्या आत परत आणलं तर त्या घेणार नाहीत.

तुझी दाढ दुखत होती, ती दाखवलीस का?

मामा

१६ जुलै

टिंबू,

उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहीत राहतो. पत्रं परत येत नाहीत, एवढ्यावर सध्या भागवतो.

रोज संध्याकाळी छापखान्यातून सुटलो की पिंपामागच्या कपाटापाशी जातो. सुरुवातीला डोळे ऐकेनात. चौकट आली की ते थेट फुग्याकडे धावायचे, तिथलं वाचून पुढच्या फुग्यावर उडी. शेवटी कागदाची पट्टी कापली आणि फुगे झाकून आधी नुसती चित्रं बघायला लागलो. नंतर पट्टी काढायची आणि माणसं काय बोलतात ते वाचायचं. बहुतेक वेळा ती चित्रात दिसतं त्याच्या उलट बोलत असतात. हे मला नवीन होतं.

गेल्या आठवड्यात एक पुस्तक मिळालं. एक म्हातारा-म्हातारी आपलं कपाट चार मजले उतरवून खाली नेतात, बस, एवढीच गोष्ट. ऐंशी पानं जिना. दुसऱ्या मजल्यावर दोघं दम खायला थांबतात आणि तिथे दोन पानं काहीच होत नाही. म्हातारी कपाटाला टेकलेली, म्हातारा कठड्याला, आणि भिंतीवरचं ऊन चौकटीगणिक थोडं थोडं खाली सरकतं. जूनमध्ये हे पुस्तक माझ्याकडे प्रुफाला आलं असतं तर ती दोन पानं मी बिनदिक्कत काढली असती. आता त्यांच्यापाशी आलो आणि मीच थांबलो. कपाट कुठे चाललं आहे, घर का सोडताहेत, त्या दोघांचं आपसात किती दिवसांपासून बिनसलं आहे, सगळं त्या उन्हात कळलं. माझे डोळे भरून आले. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मला पाहिलं आणि परत कपाळावर सरकवला.

दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते ना, तिला मी आजवर कागदाची नासाडी समजत होतो. इकडे म्हातारीचा हात कपाटावर, तिकडे तोच हात म्हाताऱ्याच्या पाठीवर. हात तिथवर गेला कसा हे कोणी काढलेलं नाही, ते मी केलं, माझ्या डोक्यात. म्हणजे चित्रकारानं माझ्यासाठी जागा सोडली होती आणि मी इतकी वर्षं ती जागा रिकामी समजत होतो.

बाकीच्या तीन पानांचा शोध घेतला. बासष्टावं छापखान्याच्या चिमट्यातच होतं, पाठीवर शाईच्या डब्यांची यादी. त्रेसष्टावं बाइंडरच्या टेबलावर खळीच्या भांड्याखाली, मधोमध गोल डाग. चौसष्टावं मात्र गेलं. बाइंडर म्हणाला, "रद्दी समजून पट्ट्या कापल्या आणि कुठल्यातरी पुस्तकांच्या पाठीला आतून लावल्या. मला काय माहीत ते कामाचं होतं!" त्याला रागवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

तुझं पुस्तक वाचनालयात आलं आहे. बाईंनी वाचलं. मला म्हणाल्या, "तुमच्या छापखान्याचंच ना? हात चांगला आहे पोरीचा. पण मध्ये कुठेतरी पायरी गळाली आहे. साठाव्या पानावर मुलगी झोपलेली, एकसष्टाव्यावर आई गेलेली. एवढी सगळी कमाई करून नेमकी तिथे गडबड का केली तिनं?" तुझ्यावर ठपका आला आणि मी तो येऊ दिला.

मामा

९ ऑगस्ट

टिंबू,

ती पाठ माझी आहे.

आज रविवार. सकाळी एकसष्टावं पान टेबलावर ठेवलं, वाचनालयातली पुस्तकं बघतो तसं बघितलं, घाई न करता. लाल गोलातला डाग एकाच चौकटीत नाही. आठही चौकटींत आहे, खांद्यावर त्याच जागी. छपाईचा डाग आठ वेळा एकाच जागी पडत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. तो इस्त्रीचा डाग आहे. माझ्या राखाडी सदऱ्याला ताईनं इस्त्री करताना पडला होता, आणि ती दवाखान्यात असताना मी हट्टानं तोच सदरा घालत होतो. स्वतःची पाठ कोण कधी बघतो? तू बघितली होतीस.

घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं. आणि सहाव्या चौकटीपासून दाराच्या फटीत, अगदी खाली, अनवाणी पायांची बोटं.

तू जागी होतीस.

मग बासष्टावं. मी तुझी वेणी घालतो आहे. तो महिनाभर मीच घालत होतो आणि रोज वाकडी व्हायची. सगळ्या चौकटींत माझे हात आणि तुझे केस, एकाच चौकटीत आरसा. आरशात तू माझ्याकडे बघते आहेस आणि मी खाली फणीकडे बघतो आहे. सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली. त्रेसष्टावं परीक्षेचं: तुझा हात, भूगोलाच्या पेपरातला नकाशा, नदी, तिला मिळणाऱ्या सगळ्या उपनद्या, एकही न चुकवता.

आता पूर्ण कबुली. ती चार पानं मी बघितली नव्हती. अक्षर आहे का एवढंच पाहिलं, नाही म्हटल्यावर पान उलटलं. 'न बघता काढली' असं म्हणणं माझ्या जिवावर आलं, एकेचाळीस वर्षांत मी ते कधी कोणाला म्हटलेलं नाही, म्हणून 'बघितली' म्हणालो. तू काय समजलीस ते आत्ता मला उमगतं आहे. तू समजलीस की मामानं हे सगळं बघितलं, ओळखलं, आणि पुसून टाकलं.

तसं समजायला तुझ्याकडे आणखी एक कारण होतं. अकरावी चूक. तुझ्या पुस्तकात सत्तराव्या पानावर मुलगी शेजारणीला सांगते, 'आई सकाळी गेली.' मी 'सकाळी' खोडून 'दुपारी' केलं. कारण मी तुला दुपारीच सांगितलं होतं, शाळेच्या फाटकाशी, पेपर सुटल्यावर: "आत्ताच गेली गं, तासाभरापूर्वी." बावीस वर्षं सगळ्यांना दुपारीच सांगत आलो. तुझ्या फुग्यातलं 'सकाळी' मी दोनदा वाचलं. पण मी स्वतःची समजूत घातली की पोरीची गफलत झाली, तिला कुठून माहीत असणार. तो शब्द मी बघून बदलला, टिंबू. ती पानं न बघता काढली आणि तो शब्द बघून बदलला.

पेपर बुडू नये म्हणून मी ते लपवलं असं तुला वाटलं असेल. मीही स्वतःला तेच सांगत आलो. फोनवर पलीकडून काय म्हणाले ते चित्रात नाही, तेव्हा ते राहू दे.

चौसष्टावं पान मी बघितलेलंच नाही. त्यात काय आहे?

मामा

३० ऑगस्ट

टिंबू,

काल रजिस्टर्ड पाकीट आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चौसष्टावं पान, फोटोप्रत नाही, मूळ चित्र. पेन्सिलीच्या पुसलेल्या रेघाही दिसतात. चिठ्ठी नाही. आता मला चिठ्ठीची तेवढी गरजही राहिलेली नाही.

जसं वाचलं तसं सांगतो. चुकलो तर सांग.

वर्ग. खिडकीशी तू. समोरच्या घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं कमी. तुझा पेपर दुमडून बाकाच्या कोपऱ्यात ठेवलेला आहे, म्हणजे लिहून झालं. दुसऱ्या चौकटीत दोन बाक रिकामे. तिसरीत पाच. पोरं पेपर देऊन निघून चालली आहेत, तू बसून आहेस. मधली चौकट मोठी, पानाच्या अर्ध्या उंचीची: खिडकीतून दिसणारं फाटक आणि फाटकाशी मी. एवढासा, अंगठ्याच्या नखाएवढा. पुढच्या तीन चौकटींत खिडकी तीच, फाटक तेच, मी मात्र वेगळा. एकदा हात पुढे करून थांबलेला. एकदा मान हलवून मागं वळलेला. एकदा ओठ उघडलेले, आणि समोर कोणी नाही. मी काय बोलायचं त्याची तालीम करतो आहे, आणि ती मला जमत नाही.

आणि तू बघते आहेस. तू उठून येत नाहीस. शेवटच्या ओळीत सगळा वर्ग रिकामा, पर्यवेक्षिका पेपर गोळा करून उभ्या, घड्याळात एक वाजलेला. तेव्हा तू उठतेस.

माझी तयारी झालेली नव्हती म्हणून तू थांबलीस. सकाळपासून तुला माहीत होतं. अकरा वर्षांची होतीस. आई गेलेली, आणि तू ऐंशी मिनिटं बाकावर बसून मामाला वेळ देत होतीस.

मी ते पान पुठ्ठ्यांत परत ठेवलं आणि बाजारात गेलो. काही घ्यायचं नव्हतं. फिरलो नुसता. बोलावंसं वाटत होतं आणि कोणाशी बोलण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षं मला वाटायचं की मी तुला सांभाळलं.

हे तू मला तोंडानं सांगितलं नाहीस, कागदावर काढून माझ्या टेबलावर ठेवलंस, कारण माझ्या टेबलावर आलेला कागद मी वाचतो असा तुझा समज होता. त्यात फुगा टाकला असतास, एक ओळ जरी लिहिली असतीस, तरी मी ते पान वाचलं असतं. आणि तरीही एक ओळ टाकली नाहीस ते बरोबरच केलंस, हे आता मला कळतं. त्या सकाळी आपण दोघंही बोललो नव्हतो.

मालकांना काल सांगितलं की दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शंभर पानांची निघेल. ते फॉर्मचं बोलायला लागले. मी म्हणालो, शेवटच्या चार पानांची शिलाई मी स्वतः बसून करेन, पण तुमच्या छापखान्यात हे पुस्तक शहाण्णव पानांचं पुन्हा निघणार नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बरं म्हणाले.

वाचनालयात बाईंनाही सांगून टाकलं की पायरी तिची गळाली नव्हती, मी काढली होती. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "ते पान आणून दाखवा." दाखवेन, तू हो म्हणालीस तर.

मामा

१२ सप्टेंबर

टिंबू,

तुझं पत्र मिळालं. साडेतीन महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं. तीनच ओळी, पण मी त्या किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस. 'मामा, बरोबर वाचलंस. "सकाळी" परत लाव. पुढच्या शनिवारी घरी येते, दोन दिवस राहीन.'

तुझ्या खोलीतली गादी उन्हात घातली आहे. दिव्याचं बटण बिघडलं होतं ते बदललं. मला इथेच थांबता आलं असतं. तू येशील, आपण नव्या आवृत्तीची पानं लावू, मी तुला कपाटवाल्या म्हाताऱ्यांचं पुस्तक दाखवेन, तू हसशील की मामा आता मला शिकवायला निघाला. तीन महिने मी दुसरं काही मागितलेलं नव्हतं.

पण तुझी चार पानं आता माझ्यापुढे ओळीनं मांडली आहेत आणि त्यांत एक चूक आहे. तुझी नाही. तू दारात होतीस, तुला जे दिसलं ते तू काढलंस आणि अगदी खरं काढलंस. तुला ऐकू आलं नव्हतं. एकसष्टाव्या पानावर मी आठ चौकटी फोनवर उभा आहे आणि त्या आठ चौकटींत पलीकडून काय चाललं होतं ते फक्त मला माहीत आहे. शनिवारी तू समोर बसलीस की मला ते सांगता येणार नाही. फाटकाशीही आलं नव्हतं. म्हणून आधी लिहितो. वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर मी समजेन.

फोनवर वॉर्डातल्या नर्सबाई होत्या. म्हणाल्या, पहाटे गेल्या, झोपेतच, त्रास झाला नाही. मग म्हणाल्या, "मुलीला घेऊन लगेच या. केस विंचरून ठेवलेत त्यांचे, अगदी झोपल्यासारख्या दिसताहेत. नऊपर्यंत खाटेवरच ठेवते मी, कोणाला हलवू देत नाही. नऊनंतर खाली नेतात, आणि तिथे लहान मुलांना सोडत नाहीत."

दवाखाना अर्ध्या तासावर होता. सहा दहा झाले होते. तुला उठवून, तसंच तोंड धुऊन नेलं असतं तरी आपण सातच्या आत तिथे होतो. दोन तास तुला तिच्याजवळ बसता आलं असतं.

पेपर हे निमित्त होतं, टिंबू. शाळेनं पेपर नंतर घेतला असता, मला ते तेव्हाही माहीत होतं. मला तुला सांगायची भीती वाटली. तू विचारशील, 'आता कोण?' आणि मला 'मी' म्हणावं लागेल, याची भीती वाटली. म्हणून मी तुझी वेणी घातली आणि तुला शाळेत सोडलं. पेपर सुटल्यावर आपण दवाखान्यात गेलो तेव्हा त्या खाटेवर नवी चादर घातलेली होती. तू तिच्यावरून हात फिरवलास आणि मला विचारलंस, "इथेच होती ना?" मी म्हणालो, "हो, आत्ता होती."

तुझ्या पुस्तकात तू आईचा चेहरा शेवटच्या तीस पानांत कुठेच काढलेला नाहीस. ग्रंथपालबाई त्याला चित्रकाराची युक्ती म्हणतात. ती युक्ती नाही हे मला माहीत आहे. तुला तो बघायला मिळाला नव्हता.

यासाठी चौकट वाढवायची की नाही, ते तू ठरव. पानं एकशे एक होवोत, एकशे चार होवोत, मी मोजणार नाही.

नर्सबाईंनी दोनदा सांगितलं होतं, "मुलीला घेऊन या." दुसऱ्यांदा त्यांनी थांबून विचारलं, "आणताय ना?"

मी हो म्हणालो होतो.

मामा